वेगळ्या रंगाचा शर्ट

घरात ती धाकटी, समाजशास्त्र विभागात 'पीटी' आणि व्हॉलीबॉलच्या मैदानावर 'थिअरी'. तिन्हीकडे तीन नावं, आणि तिन्हींत थोडी थट्टा. विद्यापीठाने समाजशास्त्र आणि क्रीडा असा जोड अभ्यासक्रम काढला तेव्हा माहितीपत्रकावर एका हसऱ्या मुलीचा फोटो होता. तिच्या एका हातात पुस्तक होतं, दुसऱ्या हातात चेंडू. धाकटीला तो फोटो पाहताक्षणी वाटलं होतं, हे आपलंच काम. प्रत्यक्षात पुस्तक एका टोकाच्या इमारतीत निघालं आणि चेंडू दुसऱ्या टोकाच्या मैदानावर, आणि मधलं सगळं अंतर धाकटीने पळत कापायचं होतं.

सकाळचा सराव आटोपून ती समाजशास्त्राच्या वर्गात शिरायची तेव्हा तास सुरू झालेला असायचा. ओला शर्ट, पिशवीतून डोकावणारे गुडघ्याचे पट्टे. शेजारची मुलगी खुर्ची जराशी लांब सरकवायची. मैदानावर याच्या उलट. बसमध्ये पुस्तक उघडलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "थिअरी, आज समाज कसा आहे?" परीक्षेचे पेपर एकाच वेळी आले म्हणून ती तक्रार घेऊन गेली, तर इकडच्या कारकुनाने तिकडे पाठवलं आणि तिकडच्याने इकडे. शेवटी इकडच्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "तू नक्की कुणाची, ते एकदा ठरव." ठरवण्यासारखं काही नव्हतं. ती दोघांची होती, त्यामुळे दोघंही तिला पाहुणी समजत.

घरी तरी काय वेगळं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शेजाऱ्यांनी विचारलं की ते सांगत, "धाकटी खेळाचा अभ्यास करते." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे खेळते की अभ्यास करते?" बाबा क्षणभर विचार करून म्हणत, "अधूनमधून." दादाच्या मते या पदवीत पळता पळता विचार करायला शिकवत असावेत. आई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होती, दिवसभर चादरी मोजून यायची आणि घरी आल्यावर तिला कसलंच गोल गोल बोलणं सहन होत नसे. "दोन्हीतलं एक तरी धड होतंय ना?" एवढंच तिचं विचारणं.

खरं उत्तर द्यायचं तर एकही धड होत नव्हतं. समाजशास्त्रात ती मधल्या रांगेतली. व्हॉलीबॉलमध्ये तर सरळ बाकावरची. संघात एक खेळाडू अशी असते की तिचा शर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. तिने फक्त मागे उभं राहायचं आणि समोरून येणारा जोराचा चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. तिला लिबेरो म्हणतात. धाकटी या लिबेरोची राखीव होती. म्हणजे लिबेरोला काही झालं तर ती उतरणार. आणि लिबेरोला काही होत नसे. पहिल्या वर्षापासून धाकटी घडी न मोडलेला संघाचा साधा शर्ट पिशवीत घेऊन प्रत्येक सामन्याला जायची आणि तसाच परत आणायची. आई म्हणायची, "हा धुवायला तरी कशाला टाकतेस?"

लिबेरोचं मैदानावरचं नाव 'फरशी'. कारण उभी असण्यापेक्षा ती जमिनीला चिकटलेलीच जास्त दिसायची. कोपरं सोललेली, हनुवटीवर जुना व्रण, आणि आवाज असा की शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही कळावं चेंडू कुणाचा आहे. धाकटीला तिचा हेवा वाटायचा आणि तिच्याइतकं कुणी आवडायचंही नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात हे कुठल्याही पुस्तकात तिने वाचलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. धाकटीने विषय घेतला, खेळाडू आपली दुखापत का लपवतात. समाजशास्त्राच्या मॅडम, ज्या तिला मार्गदर्शन करत होत्या, त्या पहिल्यांदाच खूश झाल्या. एरवी त्या प्रत्येक वाक्यापुढे "आणि म्हणून काय?" असं विचारायच्या. या वेळी म्हणाल्या, "छान. तू आतली आहेस, तुला लोक सांगतील. फक्त नावं काढून टाक. नावाच्या जागी भूमिका लिही." हा तर विभागाचा नेहमीचा शिरस्ता होता. कुणी रुग्णालयावर लिहिलं की 'एक परिचारिका म्हणाली', कुणी वाहतुकीवर लिहिलं की 'एक चालक म्हणाला'.

फरशीची मुलाखत तिने कपडे बदलायच्या खोलीत घेतली. बाकीच्या निघून गेल्या होत्या. फरशी बाकड्यावर पाय लांब करून बसली होती आणि डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली होती.

"नाव नाही ना येणार?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ कशाला, नियमच आहे."

मग फरशी बोलली. गुडघा मागच्या हंगामातच गेला होता. सरावाआधी गोळी, सामन्याआधी दोन. वाकली की आत काहीतरी सरकल्यासारखं होतं. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर कागदावर लिहून देतो. सरांना कळलं की संघातून नाव जाईल, नाव गेलं की वसतिगृहातली खेळाडूंसाठीची खोली जाईल. "खोली गेली की मी घरी. घरी गेले की काका मला दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार आणि म्हणणार, झालं ना शिकून. पदवीला हे एकच वर्ष उरलंय गं. तेवढं हा गुडघा ओढला की झालं." मग हसून म्हणाली, "लिही, लिही. गुडघा बोलतोय म्हणून लिही."

धाकटीने लिहिलं. रात्रभर जागून एका बैठकीत लिहिलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की पुस्तक आणि चेंडू एकाच हातात आलेत.

प्रकल्प विभागात सगळ्यांसमोर मांडायचा असे. जोड अभ्यासक्रम असल्याने या वेळी क्रीडा विभागालाही आमंत्रण होतं, आणि वरून सांगणं आल्यामुळे व्हॉलीबॉलचे सर आले होते. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, शिट्टी गळ्यातच. मागच्या रांगेत संघाची कर्णधार होती, जिला उंचीमुळे सगळ्या 'शिडी' म्हणत. तिच्यासोबत आणखी दोघीतिघी चहाच्या आशेने आलेल्या. फरशी नव्हती. ती खोलीवर पाय वर करून पडली असणार, हे धाकटीला ठाऊक होतं.

धाकटी छान बोलली. आवाज कापला नाही, मॅडमनी दोनदा मान हलवली. मग ती मुलाखतींवर आली. "संघातली एक आक्रमक खेळाडू म्हणाली," असं एक वाक्य झालं. आक्रमक खेळाडू संघात बऱ्याच असतात. आणि मग ती म्हणाली, "लिबेरो म्हणाली, डावा गुडघा मागच्या हंगामातच गेला."

समाजशास्त्राची मुलं लिहून घेत होती. त्यांच्या लेखी लिबेरो म्हणजे परिचारिकेसारखं, चालकासारखं, हजारोंनी असेल असं काहीतरी. मागच्या रांगेत मात्र शिडीने मान वर केली. धाकटी पुढचं वाक्य वाचून गेली, गोळ्यांचं, त्याच्या पुढचं खोलीचं, आणि मग तिला शिडीचा चेहरा दिसला. संघात लिबेरो एकच असते. नाव काढून भूमिका लिहिली होती आणि ती भूमिका नावापेक्षाही उघडी होती. हे तिला कळायला हवं होतं. मॅडमना कळलं नसतं, मॅडमना चेंडूचा आकार तेवढा माहीत. तिला कळायला हवं होतं. पण लिहिताना ती पूर्णपणे समाजशास्त्राची झाली होती, आयुष्यात एकदाच, आणि तेवढ्यातच घात झाला.

तिने सरांकडे पाहिलं. ते पुढे पाहत होते. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातही वर केला नाही. चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव नेहमीसारखा सुरू झाला. सरांनी सगळ्यांना बाजूला उभं केलं, फरशीला एकटीला मागे उभं केलं आणि जाळ्याच्या पलीकडून चेंडू मारायला लागले. पहिला डावीकडे. फरशीने उचलला. दुसरा डावीकडे. तिसरा आणखी डावीकडे. फरशीला पहिल्यांदा वाटलं असावं की आज सरांचा हात डावीकडेच वळतोय. मग तिला समजलं. तिने शिडीकडे पाहिलं, शिडीने जमिनीकडे. तरी फरशी पुढच्या चेंडूला झेपावली, तोही उचलला, आणि उठताना तिचा डावा पाय सरळ झालाच नाही. ती हातांवर भार देऊन तशीच राहिली.

"बास," सर म्हणाले. "जाऊन बस."

ती बाकावर आली, जिथे धाकटी बसली होती. धाकटी सरकली. फरशी बसली नाही. लंगडत खोलीकडे गेली.

त्या दिवसापासून धाकटीशी संघातलं कुणी बोलेना. बोलणं तिच्यापर्यंत येत होतं ते तिरकं. कपडे बदलताना एक जण दुसरीला म्हणाली, "इतकी वर्षं बाकावर बसून माणूस काय काय शिकतं बघ." दुसरी म्हणाली, "अभ्यास केला तर जागा मिळते, घरी सांगतात ते खोटं नाही." फरशीची जागा रिकामी व्हावी म्हणून धाकटीने हे केलं, यात कुणाला शंकाच नव्हती. आणि धाकटीला चीड याची येत होती की त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच मानलं असतं. सगळं इतकं बरोबर जुळत होतं.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं आहे. संशोधकाच्या असण्याने क्षेत्रात काय बदलतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मी विद्यार्थ्यांच्या कामात पाहिलं नाही. यावर एक प्रकरण लिही."

"मॅडम, तिची खोली जाणार आहे."

"तेही लिही."

ती मॅडमच्या खोलीतून बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, आणि तेही कडवट.

सरांकडे ती शेवटी गेली, कारण त्यांची तिला भीती वाटत होती. ते मैदानाच्या कडेला बसून जाळ्याची तुटलेली गाठ बांधत होते.

"सर, मला तसं करायचं नव्हतं."

"गुडघा गेलाय की नाही?"

"गेलाय."

"मग?" त्यांनी गाठ ओढून पाहिली. "मला हंगामाआधी कळलं असतं तर हंगामाआधी बसवली असती. अशीच खेळत राहिली असती तर चाळिशीत तिला जिना चढता आला नसता. तू चांगलं केलंस की वाईट केलंस ते मला विचारू नकोस."

धाकटीला वाटलं होतं, कुणीतरी शिव्या घालेल. शिव्या खाल्ल्या की माणूस निदान कुठल्यातरी बाजूला पडतो. इथे एक बाई तिचं कौतुक करत होती, हा माणूस गाठ मारत होता, आणि चूक मात्र तिथेच होती, तशीच, कुणी न उचललेली.

सरांनी शेजारच्या पिशवीतून शर्ट काढला. वेगळ्या रंगाचा. "पुढच्या सामन्यात तू."

ज्या क्षणाची तिने पहिल्या वर्षापासून वाट पाहिली होती, तो असा आला. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मी नाही घालणार."

"नको घालू. पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, तिला देतो. तू राखीव आहेस तशी राहा."

ती उठली. चार पावलं गेली असेल. नाही म्हणाल्यावर एक प्रकारचं हलकं हलकं वाटलं होतं, आता सगळ्यांना कळेल, शिडीला कळेल. आणि त्या हलकेपणातच तिला सरांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. राखीव आहेस तशी राहा. संघाच्या यादीत लिबेरोची एक जागा होती आणि राखीवची एक. ज्याचं नाव यादीत, त्याला खोली. तिने शर्ट नाकारला तर नवी मुलगी खेळणार, राखीव ती स्वतःच राहणार, आणि फरशी यादीबाहेर. तिचं मन स्वच्छ होणार होतं आणि फरशी गल्ल्यावर बसणार होती.

ती परत आली.

"सर, मी खेळले तर राखीवला कोण?"

"बघू."

"तिला घ्या."

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "गुडघा मोडलेल्या मुलीला राखीव? वर कुणी विचारलं तर?"

"राखीवला कधी कुणी मैदानात उतरवतं का, सर? मी इतकी वर्षं बसलेय, मला विचारा."

सर हसले नाहीत, पण त्यांच्या हातातली गाठ सुटली. ती पुन्हा बांधायला घेत म्हणाले, "तिने उपचार सुरू करायचे. उद्यापासून. आणि हे कुणाला बोलायचं नाही, तिलासुद्धा. बोललीस तर मी यादी बदलेन."

अशा रीतीने धाकटीने शर्ट घेतला, आणि ती चोर आहे हे सगळ्यांच्या दृष्टीने पक्कं झालं.

"बसला का मापात?" शिडीने विचारलं. तेवढंच.

प्रकल्पातून धाकटीने फरशीची मुलाखत काढून टाकली. मॅडम चिडल्या. सगळ्यात जिवंत भाग तोच होता, तो काढला की मागे राहतं ते मुळमुळीत, कुणीही घरबसल्या लिहिलं असतं असं. "आणि म्हणून काय?" त्यांनी विचारलं. गुण कमी पडणार हे ऐकून ती घरी आली.

आई धुतलेले कपडे घड्या घालत होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं, कारण आईला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे.

"मग त्या मुलींना खरं काय ते सांगून टाक," आई म्हणाली.

"सांगता येत नाही. सांगितलं की तिची खोली गेली."

"मग ऐकून घे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस, आई?"

"मी दिवसभर लोकांच्या चादरी बघते," आई म्हणाली. "कुणी का घाण केली ते विचारत बसले तर एक चादर धुऊन होणार नाही. हे घे, हा टॉवेल तिकडे ठेव."

फरशी सामन्याच्या दिवशी आली. गुडघ्याला जाड पट्टा, हातात काठी नाही पण चालताना भिंतीचा आधार. नावं वाचली गेली आणि राखीवच्या जागी तिचं नाव आलं तेव्हा संघात चुळबुळ झाली. फरशी मूर्ख नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत ती धाकटीच्या समोर येऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी केलंस असं वाटून घेऊ नकोस. तुला हा शर्ट हवाच होता."

धाकटीने नाकारायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हवा होता," ती म्हणाली.

"मग झालं तर." फरशी वळली आणि बाकावर जाऊन बसली, बरोबर त्या जागी जिथे धाकटीच्या बसण्याने फळी जराशी खचली होती.

सामना सुरू झाला. लिबेरोने चेंडू आपला असेल तर "माझा" म्हणून ओरडायचं असतं, आणि तिला कळलं नाही तर बाकीच्या "तुझा" म्हणून ओरडतात. त्या दिवशी कुणी तिच्यासाठी ओरडत नव्हतं. धाकटीलाही "माझा" हा शब्द त्या शर्टात म्हणवत नव्हता. पहिलाच चेंडू तिच्या आणि शिडीच्या मधे पडला. दोघी पाहत राहिल्या. पंचाने हात वर केला. दुसराही तसाच. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. धाकटीला वाटलं की हीच शिक्षा आहे, आणि मग वाटलं, शिक्षाही नाही, नुसता पोरकट खेळ चाललाय, आणि संघ हरतोय.

तेवढ्यात बाकावरून तो आवाज आला, शेवटच्या पायरीपर्यंत जाणारा.

"ए थिअरी, डावीकडे सरक. तिथे उभी राहून काय निरीक्षण करतेस?"

सगळ्या मैदानाने ऐकलं. शिडीने मागे वळून फरशीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटी डावीकडे सरकली.

पुढचा चेंडू उजवीकडे आला.

धाकटीच्या तोंडून एक शब्द निघाला जो समाजशास्त्राच्या वर्गात कधी उच्चारला गेला नव्हता. मग ती "माझा" म्हणून किंचाळली आणि उजवीकडे झेपावली. कोपर घासलं, छाती जमिनीवर आपटली, चेंडू मनगटावर लागून वाकडातिकडा वर गेला आणि शिडीला त्यामागे जाळ्यापर्यंत धावावं लागलं. तिने तो कसाबसा पलीकडे ढकलला. पलीकडच्या मुलींना तो अपेक्षित नव्हता. त्यांच्यात पडला.

धाकटी अजून जमिनीवरच होती. शिडी धापा टाकत तिच्याजवळ आली. किती दिवसांनी ती थेट तिच्याशी बोलत होती.

"जरा नीट वर देत जा ना," ती वैतागून म्हणाली. "मी काय पळायलाच आलेय का इथे?"

"देते," धाकटी म्हणाली, आणि उठून आपल्या जागी गेली.